ग्लोवरून पेट्रोलकडे: मॉडेल विमानाचं इंजिन बदलताना

मिथेनॉलवर आणि तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं ग्लो इंजिन उतरवून त्या जागी पेट्रोलचं चढवायचं, म्हणजे चार बोल्टांचं काम, असं समजून बरेच जण सुरुवात करतात. बोल्ट अर्ध्या दिवसात बसतात. पण इंधन बदललं की त्याला शिवणारी प्रत्येक वस्तू बदलावी लागते: नळी, टाकीचं बूच, भरायचा पंप, फायरवॉलवरचा (इंजिन जिच्यावर बसतं त्या लाकडी भिंतीवरचा) लेपसुद्धा. शिवाय ठिणगी पाडण्यासाठी विमानात आणखी एक बॅटरी येते आणि ती ठिणगी रेडिओच्या रिसीव्हरला त्रास देऊ शकते. खरा आठवडा या कामात जातो, आणि इंजिन हवेत बंद पडलं तर त्याचं कारणही बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आधी विमान कोणतं ते बघा. ग्लोच्या भाषेत, म्हणजे घन इंचात, ०.४६ म्हणजे साडेसात सीसी, ०.६० म्हणजे १० सीसी, ०.९१ म्हणजे १५ सीसी आणि १.२० म्हणजे २० सीसी. पेट्रोलची १० सीसीची इंजिनं मिळतात, पण इतक्या छोट्या इंजिनाला लागणारं पेट्रोल फारच थोडं असतं आणि नीडलच्या (मिश्रण जुळवायच्या स्क्रूच्या) बारीकशा फिरकीनेही मिश्रण बिघडतं. ०.४६ च्या ट्रेनरला आम्ही हात लावणार नाही. तो ग्लोवरच राहू द्या किंवा इलेक्ट्रिक करा. १५ ते २० सीसी, पंखांची लांबी १८०० मिमीच्या आसपास आणि वजन चार ते साडेपाच किलो, अशा विमानात हा बदल खरा शोभतो. त्याच सीसीचं पेट्रोल इंजिन ग्लोपेक्षा थोडं कमी ताकदीचं असतं. म्हणून ०.९१ च्या विमानात २० सीसी बसवायचं, १५ नव्हे.

वजनाचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पैसे खर्च करू नका. डीएलई-२० या २० सीसीच्या पेट्रोल इंजिनाचं उदाहरण घ्या: इंजिन ६५० ग्रॅम, इग्निशन (ठिणगी पाडणारा डबा) १२०, सायलेन्सर ५०, स्टँडऑफ (इंजिन फायरवॉलपासून पुढे धरणारे खुंट) २०, वर इग्निशनची बॅटरी १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नाकाशी सव्वानऊशे ते साडेनऊशे ग्रॅम. जुनं इंजिन सायलेन्सरसह काट्यावर ठेवा आणि फरक काढा. नाक जड होत असेल तर शेपटीत शिसं भरण्याआधी इग्निशनची बॅटरी मागे सरकवून बघा.

जुन्याच ग्लो इंजिनाला ठिणगी लावली तर?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि किटही मिळतात. टू-स्ट्रोक ग्लोच्या बाबतीत आमचं उत्तर नाही असंच आहे. ग्लो इंधनात १५ ते २० टक्के तेल असतं. कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांना बहुधा साधे ब्राँझचे बुश असतात आणि ते या भरपूर तेलावरच जगतात. पेट्रोलच्या मिश्रणात तेल जेमतेम तीन-चार टक्के, म्हणून पेट्रोल इंजिनात तिथे नीडल बेअरिंग असतात. दुसरं कारण उष्णतेचं. मिथेनॉलची वाफ होताना ते इंजिनातली खूप उष्णता शोषतं, पेट्रोल त्याच्या एक तृतीयांशच. ग्लोचा पिस्टन आणि लायनर या थंडाव्याच्या भरवशावर घट्ट बसवलेले असतात. पेट्रोलवर ते तापतात आणि जाम होतात.

ग्लो प्लगमध्ये पेट्रोल चालत नाही, यालाही कारण आहे. प्लगची तार प्लॅटिनमची असते, मिथेनॉलची वाफ तिच्यावर स्वतःच जळते आणि तार लाल राहते. पेट्रोल असं करत नाही. त्याला वेळेवर पडणारी ठिणगीच लागते.

फायरवॉल

जुन्या ग्लो विमानाच्या फायरवॉलमध्ये ग्लो इंधनातलं वर्षानुवर्षांचं एरंडेल मुरलेलं असतं. त्यावर इपॉक्सी धरत नाही. आधी स्पिरिटने पुसा, मग टाल्कम पावडर जाड थापून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, आणि पावडर कोरडी निघेपर्यंत हेच करत राहा. बोल्टांच्या भोकांभोवतीचं लाकूड तरीही काळं आणि मऊ लागत असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका. तेवढा भाग कापून नवीन ६ मिमी एअरक्राफ्ट प्लाय बसवा. पॅकिंगचं प्लायवूड इथे चालणार नाही.

पेट्रोल इंजिनाचा धक्का ग्लोपेक्षा जाड असतो: आरपीएम कमी, पिस्टन जड. फक्त चिकटवलेली फायरवॉल तो फार काळ सोसत नाही. दोन्ही बाजूंनी फ्यूजलाजमधून (विमानाच्या धडातून) फायरवॉलच्या कडेत ३ मिमीची भोकं पाडा, एका बाजूला चार, आणि त्यात बांबूच्या काड्या इपॉक्सी लावून ठोका. आतल्या कोपऱ्यात तिकोनी लाकडी पट्टी लावा. मग सगळ्या उघड्या लाकडावर, बोल्टांच्या भोकांच्या आतूनही, ३० मिनिटांचं इपॉक्सी थोड्या स्पिरिटने पातळ करून ब्रशने लावा. ग्लोला टिकणारा रंग पेट्रोलला टिकेलच असं नाही. आधी एका तुकड्यावर लावून, वाळवून, त्यावर पेट्रोलचा बोळा दहा मिनिटं ठेवून बघा.

माप घेताना प्रॉपच्या (इंजिनाच्या पंख्याच्या) वॉशरपासून फायरवॉलपर्यंतचं अंतर घ्या आणि स्टँडऑफ त्याप्रमाणे निवडा. बहुतेक पेट्रोल इंजिनांचा कार्ब्युरेटर मागच्या बाजूला असतो. त्याच्या तोंडाशी किमान १५ ते २० मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर हवा कोंडते. जागा नसेल तर फायरवॉलला तिथे भोक पाडा. जुन्या इंजिनाला उजवीकडे दोन-तीन अंशांचा कल दिलेला असेल तर तो तसाच ठेवा. बोल्टांमागे मोठे वॉशर लावा आणि धातूवर धातू येतो तिथे निळं लॉकटाइट. सायलेन्सरच्या बोल्टांवर मात्र ते भाजून निघून जातं. तिथे स्प्रिंग वॉशर लावा आणि पहिल्या दोन-तीन उड्डाणांनंतर प्रत्येक वेळी पाना फिरवून बघा.

टाकी, बूच, नळ्या

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ग्लोची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि तोटीवरून निसटते. बूचही सिलिकॉनचं असतं, तेही बदलायचं. पेट्रोलसाठी वेगळं काळं बूच मिळतं. बाहेरच्या नळ्यांसाठी पिवळी टायगॉन, टाकीच्या आत क्लंकसाठी (नळीच्या टोकाशी असलेल्या, पेट्रोलमागे हलणाऱ्या वजनासाठी) व्हिटॉन. टायगॉन वर्षभरात कडक होते आणि आत असली तर क्लंक मागे-पुढे हलत नाही. नाक खाली केल्यावर क्लंक पुढे जाऊन तिथेच अडकला तर परत वर चढताना इंजिन हवा ओढतं आणि बंद पडतं. म्हणून आत व्हिटॉन, आणि दर पावसाळ्यानंतर सगळ्याच नळ्या नव्या.

टाकीच्या पितळी नळीच्या टोकाला तांब्याच्या तारेचा एक वेढा सोल्डर करा म्हणजे तिथे उंचवटा तयार होतो. त्यावर नळी चढवून मागे बारीक झिपटाय आवळा. नुसती घट्ट बसवलेली नळी पेट्रोल लागल्यावर घसरतेच.

तीन नळ्या लागतात: एक कार्ब्युरेटरकडे, एक हवेसाठी, एक भरायला. हवेची नळी टाकीत वरच्या बाजूला वळवून बाहेर विमानाच्या पोटाखाली काढा. सायलेन्सरचं प्रेशर देऊ नका. वॉलब्रो जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये पंप असतो आणि तो क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. अगदी छोट्या काही इंजिनांना पंप नसतो, तिथे कंपनीच्या पुस्तिकेत दिलं असेल तसं प्रेशर जोडायचं. पंप असल्याने टाकी इंजिनाला चिकटून ठेवायची सक्ती राहत नाही. ती गुरुत्वमध्याजवळ हलवा. मग टाकी भरलेली असो वा रिकामी, विमानाचा तोल बदलत नाही. हा फायदा पदरात पाडून घ्याच.

टाकी लहानही चालते. पेट्रोलमध्ये वजनामागे मिथेनॉलच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. ०.९१ ग्लोला दहा मिनिटांसाठी ३५० मिली लागत असतील तर २० सीसी पेट्रोल इंजिनाला ३०० मिलीत १५ मिनिटं आरामात मिळतात.

ठिणगी आणि बॅटरी

इग्निशनला स्वतःची बॅटरी द्या, रिसीव्हरच्या बॅटरीतून वीज घेऊ नका. दोन सेलची लाइफ (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, ६.६ व्होल्ट, १५०० एमएएच ही आमची पसंती, कारण ती बहुतेक इग्निशनना थेट चालते. दोन सेलची लायपो भरल्यावर ८.४ व्होल्ट असते. इग्निशनवर तेवढं लिहिलं असेल तरच लावा.

इग्निशनचा डबा आणि त्याची बॅटरी रिसीव्हरपासून किमान ३० सेमी दूर, फोममध्ये गुंडाळून. थ्रॉटलचा रॉड नायलॉनचा घ्या. धातूचा रॉड ठिणगीचा गोंगाट थेट सर्व्होपर्यंत पोचवतो. प्लगच्या टोपीची धातूची कडी प्लगच्या षटकोनाला घट्ट बसली पाहिजे, ढिली असेल तर रेडिओची रेंज कमी होते. प्लग बहुधा सीएम-६ असतो, त्याची फट ०.४ ते ०.५ मिमी, फीलर गेजने मोजून. प्लग टोपीत नसताना किंवा इंजिनाला टेकलेला नसताना इग्निशन चालू करून प्रॉप फिरवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती डब्याच्या आतच फुटते आणि डबा जळतो.

ग्लो इंजिन थ्रॉटल पूर्ण मिटला की बंद होतं. पेट्रोल इंजिन ठिणगी तोडूनच बंद करायचं. त्यासाठी रिसीव्हरच्या एका चॅनेलवर ऑप्टिकल किल स्विच लावा, जो दोन्ही वीजमार्ग प्रकाशाने वेगळे ठेवतो, आणि शिवाय फ्यूजलाजवर हाताने बंद करायचा एक साधा स्विच. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं त्या सेटिंगमध्ये, किल स्विच बंद स्थितीत ठेवा. मग ट्रान्समीटर बंद करून, विमान बांधलेलं असताना, इंजिन खरंच थांबतं का ते पाहा. रेंजची चाचणी दोनदा करा: एकदा इंजिन बंद असताना, एकदा चालू असताना. दोन्हींत ठळक फरक आढळला तर उडवू नका.

पेट्रोल आणि तेल

पेट्रोल इंदुरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, लिटरमागे शंभर रुपयांहून थोडं जास्त. प्लॅस्टिकच्या बाटलीत पंपवाले देत नाहीत आणि द्यायलाही नको. दोन-पाच लिटरचा धातूचा कॅन सियागंज बाजारात घ्या.

अडचण इथेनॉलची आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. किती आहे ते घरी बघता येतं: १०० मिलीच्या मोजनळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं थांबा. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. तो २७-२८ मिलीपर्यंत चढला तर २० टक्के आहे. हे काम उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नाही.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा भरलेला कॅन महिनाभर पडून राहिला तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसू शकतो. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला क्लंक तळाचंच ओढतो, म्हणजे इंजिन तेलाशिवाय चालतं. म्हणून एका वेळी एक-दोन लिटरच मिश्रण करा आणि तीन आठवड्यांत संपवा. इथेनॉलमुळे त्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं, तेव्हा दोन्ही नीडल साधारण एक अष्टमांश फेरा जास्त उघड्या ठेवाव्या लागतात.

तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं टू-स्ट्रोक तेल, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं. बोटींच्या इंजिनाचं तेल नको. एरंडेल पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, त्याचाही मोह टाळा. नवीन इंजिनाच्या पहिल्या चार-पाच लिटरसाठी २५ ला १, म्हणजे एका लिटरला ४० मिली. नंतर ३० ला १, म्हणजे ३३ मिली. मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज यासाठी उत्तम. ‘थोडं जास्त तेल टाकलं तर बरंच’ हेही खरं नाही. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, मिश्रण कोरडं पडतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

भरायचा पंपही बदला. ग्लोच्या पंपातले रबरी भाग पेट्रोलमध्ये विरघळतात आणि तो चिकट गाळ थेट कार्ब्युरेटरच्या जाळीत जाऊन बसतो.

हवा खेळती ठेवणं

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. मे महिन्यात पारा ४० वर गेला की इथली हवा १६०० मीटरवरच्या हवेइतकी विरळ होते. ताकद कमी होते आणि थंडावाही. काउलमधून (इंजिनावरच्या आवरणातून) हवा बाहेर पडायची जागा आत येणाऱ्या जागेच्या अडीच ते तीन पट ठेवा. पातळ प्लाय किंवा फोमबोर्डचे पडदे लावून येणारी हवा सिलिंडरच्या पात्यांमधूनच जाईल असं करा. मोकळी सोडली तर ती बाजूने निघून जाते.

काउलमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि ती शोधायला फार वेळ लागतो. कार्ब्युरेटरच्या मीटरिंग झाकणाला एक बारीक छिद्र असतं. उड्डाणात काउलमधला दाब बदलला की त्या छिद्रातून आतल्या पडद्यावरचा (डायफ्रामवरचा) दाबही बदलतो आणि मिश्रण बिघडतं. जमिनीवर सुंदर चालणारं इंजिन हवेत अडखळतं, आणि माणूस नीडल फिरवत बसतो. झाकण काढून, पडदा बाजूला ठेवून, त्या छिद्रावर पितळी नळीचा तुकडा सोल्डर करा आणि त्याला नळी जोडून फ्यूजलाजच्या आत सोडा.

सुरू करणं आणि नीडल

सुरुवातीला एल (कमी वेगाची) आणि एच (जास्त वेगाची) या दोन्ही नीडल साधारण दीड फेरा उघड्या, किंवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे. विमान मागून बांधा. इग्निशन बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. हातमोजा घालून प्रॉप पाच-सहा वेळा फिरवा, नळीतून पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येताना दिसलं पाहिजे. मग थ्रॉटल आयडलच्या किंचित वर, इग्निशन चालू, आणि जोरात झटका. एकदा ‘फट्’ वाजून थांबेल. चोक उघडा आणि पुन्हा झटके द्या. इग्निशन चालू असताना प्रॉप हळू सरकवला तरी ठिणगी पडू शकते, तेव्हा प्रॉपला हात लावताना ती चालूच आहे असं धरून चाला.

मिनिटभर गरम होऊ द्या. आधी एल. आयडलवरून थ्रॉटल झटकन उघडा: इंजिन एकदम गप्प झालं तर एल कोरडी, थोडी उघडा, धूर काढत गडबडत वर आलं तर ओली (पेट्रोल जास्त), थोडी मिटा. एका वेळी एक षोडशांश फेरा, त्याहून जास्त नाही. एल बसली की मगच एच, कारण पूर्ण थ्रॉटलला दोन्ही नीडलमधून पेट्रोल येतं आणि क्रम उलटा केला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. टॅकोमीटरवर सर्वांत वरचा आकडा शोधा आणि तिथून एच उघडत २०० ते ३०० आरपीएम खाली आणा. मग नाक सरळ वर धरून दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल. आरपीएम घसरू लागले तर अजून कोरडं आहे. डिसेंबरच्या सकाळी बसवलेली नीडल मे महिन्याच्या दुपारी बरोबर नसते, ऋतू बदलला की पुन्हा तपासा.

२० सीसीला १६x८ किंवा १७x६ प्रॉपने सुरुवात करा. लाकडी प्रॉप दबतो, उन्हाळ्यात सुकून आक्रसतो, म्हणून प्रत्येक दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी नट आवळून बघा.

दोन-तीन लिटरनंतर प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं, तेलकट म्हणजे ओलं मिश्रण; पांढरं म्हणजे कोरडं, आणि तेव्हा त्या दिवशी उडवणं थांबवा.

इंजिन पेट्रोलच ओढत नसेल तर या क्रमाने बघा: टाकीची हवेची नळी बंद आहे का, क्लंकची नळी सुटली का, नळीत बुडबुडे दिसतात का, कार्ब्युरेटरचं गॅस्केट उलटं बसून दाबाचं भोक झाकलं गेलंय का. शेवटी पंपाचं झाकण उघडून आतली पैशाएवढीही नसलेली जाळी पाहा. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि ती इथे येऊन बसते. विमान सुरू करायला खाली जुनी सतरंजी अंथरा आणि पेट्रोल कॅनमध्ये ओततानाच गाळून घ्या.

उडवायची जागा निवडताना विमानतळापासूनचं अंतर मोजा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात हौसेसाठी उडवलेलं विमान मॉडेल म्हणून गणलं जातं, पण हवाई क्षेत्राचे नियम त्यालाही आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंतच हिरवं क्षेत्र असतं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यालगतची मोकळी जागा कितीही सपाट दिसली तरी ती विमानतळाच्या फार जवळ आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा आदल्या रात्री बघून ठेवा.

मैदानावर ड्राय पावडर किंवा सीओटू अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि फ्यूजलाजच्या तळाशी साचून राहते. टाकीच्या कप्प्याला खालून एक भोक ठेवा म्हणजे ती निघून जाते. दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आयडलवर चालवून कार्ब्युरेटर कोरडा होऊ द्या. आत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, तेलाचा चिकटा उरतो आणि पडदे कडक होतात. पावसाळ्यात दोन महिने विमान टांगून ठेवणार असाल तर त्याआधी पडद्यांचा नवीन सेट मागवून ठेवा. ऑक्टोबरमध्ये इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडायला लागलं तर पहिल्यांदा तेच बदला.